बो नॅश

रिचर्ड नॅश ऊर्फ बो नॅश (जन्म : स्वान्झी, वेल्स, १८ ऑक्टोबर १६७४, मृत्यू : बाथ, इंग्लंड, ३ फेब्रुवारी १७६१) हा अठराव्या शतकातील इंग्लंडमधील बाथ या लहानशा शहराचा समारंभाधिकारी होता. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावातील नृत्यसभा, संगीत, पत्त्यांचे खेळ आणि एकूणच सायंकाळचे सार्वजनिक जीवन त्याने सुमारे पन्नास वर्षे आपल्या नियमांनी चालविले. त्याला कोणतेही सरकारी पद नव्हते आणि वेतनही मिळत नसे. तरीही लोक त्याला बाथचा राजा म्हणत आणि सरदारघराण्यांतील स्त्रीपुरुष त्याची आज्ञा पाळत. ‘बो’ हा फ्रेंच शब्द इंग्रजीत छानछोकी करणाऱ्या रंगेल पुरुषासाठी रूढ झाला होता. नॅश मात्र दिसायला देखणा नव्हता. त्याचे शरीर अवजड व बेढब आणि चेहरा राठ होता, असे त्याच्या चरित्रकाराने नोंदविले आहे.

पूर्वायुष्य

नॅशचे वडील काचेच्या कारखान्यात भागीदार होते. यादवी युद्धात पेंब्रोकचा किल्ला लढविणाऱ्या आणि पुढे मृत्युदंड झालेल्या कर्नल पॉयरची त्याची आई ही भाची होती. कारमार्दन येथील शाळेत शिक्षण झाल्यावर १६९२ मध्ये तो ऑक्सफर्डच्या जीझस कॉलेजात दाखल झाला. परंतु अभ्यासापेक्षा प्रेमप्रकरणातच अधिक रमल्याने पदवी न घेता त्याला ते सोडावे लागले. काही काळ तो सैन्यात कनिष्ठ अधिकारी होता. शिस्त आणि तुटपुंजा पगार या दोहोंना कंटाळून तो लंडनला कायदा शिकण्यासाठी गेला. वकिली त्याने कधीच केली नाही.

लंडनमध्ये त्याच्या अंगचा एक गुण मात्र प्रथमच लोकांच्या नजरेस आला. १६९५ मध्ये राजा तिसरा विल्यम याच्या सन्मानार्थ कायद्याच्या विद्यार्थ्यांनी समारंभ योजला आणि त्याची व्यवस्था नॅशकडे सोपविली. तो इतका नेटका झाला की राजाने त्याला सरदारकी देऊ केली. केवळ किताब मिळून पोट भरणार नाही, त्याबरोबर काही उत्पन्न असेल तरच तो उपयोगाचा, अशा आशयाचे उत्तर देऊन नॅशने ती नाकारली, असे सांगतात. पुढील दहा वर्षे त्याने जुगारावर आणि पैजांवर काढली. अंगावर केवळ घोंगडी पांघरून यॉर्कच्या मोठ्या चर्चच्या दारात उभे राहण्याची आणि विवस्त्र अवस्थेत गाईवर बसून एका खेड्यातून जाण्याची पैज त्याने जिंकली, अशा कथा त्याच्या नावावर आहेत. त्यांतील खरे किती आणि म्हातारपणी त्याने स्वतःच रचलेले किती, हे सांगणे कठीण आहे. आपल्या तारुण्यातील पराक्रम तिखटमीठ लावून सांगण्याची त्याला सवय होती.

बाथमध्ये आगमन

बाथ हे लंडनच्या पश्चिमेस सुमारे १७० किलोमीटरवरील गाव. तेथील झऱ्यांचे पाणी सुमारे ४६ अंश सेल्सियस तापमानाचे असून रोमन काळापासून लोक तेथे स्नानासाठी येत आले आहेत. राणी ॲन हिने १७०२ आणि १७०३ मध्ये प्रकृतीसाठी बाथला भेट दिली आणि तिच्यामागोमाग श्रीमंतांची रीघ लागली. गाव मात्र त्यासाठी सज्ज नव्हते. मध्ययुगीन तटाच्या आत अरुंद गल्ल्या, दोन-तीन हजार वस्ती, अस्वच्छ खोल्यांचे अवाच्या सव्वा भाडे, आणि पालखीवजा खुर्ची वाहणाऱ्या भोयांची अरेरावी असा सारा प्रकार होता. हे भोई ठरलेल्या दरापेक्षा जास्त पैसे मागत आणि न दिल्यास गिऱ्हाइकाला भर पावसात खुर्चीतच अडकवून ठेवत.

करमणुकीची स्थिती याहून वाईट होती. नृत्य प्रथम हिरवळीवर आणि नंतर नगरभवनात होत असे. पुरुष चिखलाचे बूट घालून नाचत आणि स्त्रियांसमोर तंबाखू ओढत. नृत्य कधी सुरू व्हावे आणि कधी थांबावे याला धरबंध नव्हता. थकलेल्यांनी निघायचे, नशा चढलेल्यांनी पहाटेपर्यंत थांबायचे, अशी रीत होती. त्यावेळी कॅप्टन वेब्स्टर नावाचा एक जुगारी या मेळाव्यांची व्यवस्था पाहत असे. १७०५ च्या सुमारास नॅश जुगाराच्या ओढीनेच बाथला आला आणि वेब्स्टरच्या हाताखाली काम करू लागला. थोड्याच दिवसांत वेब्स्टर द्वंद्वयुद्धात मारला गेला व त्याची जागा नॅशकडे आली.

नव्या अधिकाऱ्याने पहिले काम केले ते वाद्यवृंदाचे. त्याने पाहुण्यांकडून प्रत्येकी एक गिनी वर्गणी गोळा करून चांगले वादक आणविले. हेच वादक सकाळी पंप रूममध्ये आणि सायंकाळी नृत्यसभेत वाजवीत. १७०६ मध्ये पाणी पिण्यासाठी पंप रूम उघडली. त्यापाठोपाठ टॉमस हॅरिसन याने १७०८ मध्ये नदीच्या बाजूस सभागृह बांधले. त्यात चहा, पत्ते आणि फिरण्यासाठी बाग अशी सोय होती. पुढे १७३० च्या सुमारास त्याच्यासमोर दुसरे सभागृह उभे राहिले. भोयांचे दर ठरविणे, खोल्यांच्या भाड्याला मर्यादा घालणे, रस्ते दुरुस्त करविणे आणि त्यांवर दिवे लावविणे यांसाठीही नॅशने नगरसभेच्या मागे तगादा लावला. सायंकाळी रेशमी पादत्राणे घालून घराबाहेर पडणाऱ्या बाईला रस्ता सुरक्षित वाटला नाही तर ती नृत्याला येणारच नाही, ही गोष्ट त्याला नगरसभेच्या आधी उमगली होती. १७१६ मध्ये नगरसभेने त्याला शहराचे मानद नागरिकत्व दिले.

दिनक्रम आणि नृत्यसभा

नॅशच्या काळात बाथला आलेल्या पाहुण्याचा दिवस जवळजवळ घड्याळाने बांधलेला असे. सहाकुणाची बग्गी गावात आली की ॲबीच्या घंटा वाजत, मग गावचे वादक दाराशी येऊन स्वागताची धून वाजवीत. या दोन्हींसाठी पाहुण्याला पैसे मोजावे लागत. त्यानंतर नृत्य व संगीताची वर्गणी भरायची, पुस्तके वाचण्यासाठी ग्रंथविक्रेत्याकडे वेगळी भरायची. भल्या सकाळी तागाचे जाड कपडे घालून स्त्रीपुरुष कुंडात उतरत. स्त्रियांसमोर पाण्यावर तरंगणारे तबक असे व त्यात रुमाल, फुले आणि तपकिरीची डबी ठेवलेली असे. स्नानानंतर पंप रूममध्ये संगीत ऐकत तीन पेले पाणी प्यायचे, न्याहारी, दुपारी ॲबीत प्रार्थना, मग फेरफटका आणि जेवण. या साऱ्या दिवसाचा कळस मंगळवारी आणि शुक्रवारी सायंकाळी होणाऱ्या नृत्यसभेत होई. इतर दिवशी नाटक किंवा पत्ते असत.

नृत्यसभा सहाला सुरू होई. मेणबत्त्यांच्या झुंबरांखाली भिंतीलगत बाकांच्या रांगा मांडलेल्या असत. उपस्थितांत सर्वांत उच्च कुळातील एक पुरुष आणि एक स्त्री यांना नॅश स्वतः मध्यभागी आणी आणि ते मिन्युएट हे मंद चालीचे फ्रेंच नृत्य करून सभेचा आरंभ करीत. ते संपले की नॅश त्या स्त्रीला जागेवर पोचवून त्या पुरुषासाठी दुसरी जोडीदारीण आणी. प्रत्येक पुरुषाने दोन स्त्रियांबरोबर नाचायचे, असा नियम होता. एका वेळी एकच जोडी नाचत असल्याने इतर सर्वांचे डोळे तिच्यावर खिळलेले असत. मिन्युएट म्हणजे एका अर्थी सार्वजनिक परीक्षाच होती आणि तिच्यासाठी नृत्यशिक्षकांकडे महिनोन्‌महिने शिकवणी घ्यावी लागे. हे दोन तास चाले. आठला कंट्री डान्स सुरू होत. त्यात पुरुष आणि स्त्रिया समोरासमोर दोन लांब रांगांत उभे राहत, जोड्या पुढेमागे सरकत, हात बदलत, आणि एका नृत्यात प्रत्येकाची अनेकांशी गाठ पडे. नऊला विश्रांती, पुरुषांनी आपापल्या जोडीदारणीला चहासाठी न्यायचे. पुन्हा नृत्य, आणि अकरा वाजले की नॅश बोट वर करी आणि संगीत थांबे. घाम निवण्यापुरता वेळ दिला जाई व मग स्त्रियांना त्यांच्या खुर्च्यांपर्यंत पोचविण्यात येई.

ही अकराची वेळ त्याने कोणासाठीही वाढविली नाही. राजा दुसरा जॉर्ज याची कन्या राजकुमारी अमेलिया हिने एकदा आणखी एका नृत्याची विनंती केली. आपले नियम प्राचीन स्पार्टाच्या लायकर्गसच्या कायद्यांसारखे अढळ आहेत असे सांगून नॅशने ती नाकारली आणि राजकन्येने ते मान्य केले. बहुतेक पाहुणे उपचारासाठी आलेले असतात आणि त्यांना सकाळी कुंडात उतरायचे असते, हे या नियमामागील व्यावहारिक कारण होते.

नॅशने पंप रूममध्ये अकरा नियम लावले होते. ते आज्ञेच्या भाषेत नसून मिस्किल सूचनांच्या रूपात होते. वयस्क स्त्रियांनी आणि लहान मुलींनी नृत्यसभेत दुसऱ्या बाकावर समाधान मानावे, कारण एकींचा बहर ओसरलेला आणि दुसरींचा अजून यायचा असतो, असा एक नियम होता. दुसऱ्यात म्हटले होते की जो कोणी खोट्या कंड्या कुजबुजत फिरेल, तोच त्यांचा कर्ता समजला जाईल. लहान गावात पंधरवडाभर एकमेकांसमोर वावरणाऱ्या अनोळखी माणसांना या दुसऱ्या नियमाची गरज किती असेल, हे सहज ध्यानात येते.

नियमभंग करणाऱ्यांशी तो विनोदाने वागे, पण नमते घेत नसे. स्त्रियांनी नृत्यसभेत पांढरे ॲप्रन घालू नयेत असे त्याने ठरविले होते. क्वीन्सबरीची डचेस अत्यंत मौल्यवान लेसचे ॲप्रन घालून आली तेव्हा त्याने ते काढून मागच्या बाकावरील दासींच्या घोळक्यात फेकले, कारण असे ॲप्रन दासीच घालतात असे त्याचे म्हणणे होते. डचेसने हसून माफी मागितली. ग्रामीण जमीनदारांचे बूट सोडविणे त्याहून अवघड गेले. त्यासाठी नॅशने कठपुतळ्यांचा खेळ करविला. त्यातील पंच हे पात्र बूट आणि टाचांचे काटे घालून येते. प्रेयसी बूट काढायला सांगते तेव्हा बूट काढणे म्हणजे पायच काढून ठेवणे होय असे म्हणते. आपल्या गावात सारे बुटांतच नाचतात अशी फुशारकी मारते आणि शेवटी प्रेयसी त्याला लाथ मारून रंगमंचावरून हाकलते. खेळ पाहून जमीनदार वरमले. त्यानंतरही कोणी बूट घालून आलाच तर घोडा बाहेरच विसरलात की काय, असे नॅश त्याला सर्वांसमोर विचारी.

तलवारींचा प्रश्न विनोदाने सुटणारा नव्हता. त्या काळी प्रत्येक प्रतिष्ठित पुरुष कमरेला तलवार लावी आणि पत्त्यांच्या डावातील बाचाबाची द्वंद्वावर जाई. टेलर आणि क्लार्क या दोन जुगाऱ्यांत मशालींच्या उजेडात द्वंद्व झाले आणि टेलर जबर जखमी झाला. त्यानंतर नॅशने बाथमध्ये तलवार बाळगण्यास बंदी केली. स्त्रियांच्या वस्त्रांना तलवारी अडकून ती फाटतात, असे सौम्य कारणही त्याने जोडले. हा त्याचा सर्वांत महत्त्वाचा नियम मानावा लागेल. ज्या खोलीत तलवारी नाहीत तेथेच व्यापाऱ्याचा मुलगा सरदाराच्या मुलीसमोर रांगेत उभा राहून निर्धास्तपणे नाचू शकतो. सर्वांनी एकत्र बसावे, एकाच नृत्यात भाग घ्यावा आणि उच्चकुलीनांनी आपला वेगळा कंपू करू नये, असा त्याचा आग्रह असे. अर्थात ही समता वर्गणी भरू शकणाऱ्यांपुरती होती. नोकरचाकर, कारागीर आणि खुर्ची वाहणारे भोई दाराबाहेरच राहिले.

दानशूरपणा

नॅशचा थाट राजाला शोभेसा होता. तो मोठी पांढरी हॅट घाली. हॅट चोरीला जाऊ नये म्हणून हा रंग निवडला असे तो सांगे. करड्या सहा घोड्यांची गाडी, पुढेमागे स्वार आणि शिंगे फुंकणारे सेवक असा त्याचा प्रवास चाले. उन्हाळ्यात बाथचा हंगाम संपला की तो टनब्रिज वेल्स येथे जाई आणि १७३५ पासून तेथीलही समारंभाधिकारी झाला.

हाती आलेला पैसा तो तितक्याच सहजपणे देऊन टाकी. बाथला उपचारासाठी येणाऱ्या गरीब रुग्णांसाठी रुग्णालय व्हावे यासाठी त्याने अनेक वर्षे नृत्यसभांतून आणि जुगाराच्या टेबलांवरून वर्गण्या गोळा केल्या. वास्तुविशारद जॉन वुड याने आराखडा दिला, राल्फ ॲलन या उद्योजकाने आपल्या खाणीतील दगड दिला आणि १७३८ मध्ये पायाभरणी होऊन १७४२ मध्ये रुग्णालय सुरू झाले. तेच पुढे रॉयल मिनरल वॉटर हॉस्पिटल म्हणून ओळखले गेले. तरुण श्रीमंत मुलींना जाळ्यात ओढू पाहणाऱ्या लुच्च्यांविषयी तो त्यांच्या आईवडिलांना सावध करी. कच्च्या जुगाऱ्यांना तो डावावरून उठवून लावी. जुगारावर जगणाऱ्या माणसाने इतरांना जुगारापासून वाचवावे, ही विसंगती त्याच्या समकालीनांच्याही नजरेतून सुटली नव्हती.

१७३४ मध्ये ऑरेंजचा राजपुत्र बाथच्या पाण्याने बरा झाला, तेव्हा नॅशने त्याच्या स्मरणार्थ स्तंभ उभारला. १७३८ मध्ये युवराज फ्रेडरिक येऊन गेल्यावर क्वीन स्क्वेअरमध्ये दुसरा स्तंभ उभारला आणि त्यावरील लेखासाठी कवी अलेक्झांडर पोप याच्या मागे लागून मजकूर मिळविला. पोपने तो काहीशा अनिच्छेने आणि अगदी साधा लिहून दिला. १७३९ मध्ये धर्मोपदेशक जॉन वेस्ली बाथमध्ये प्रवचन देत असता कोणाच्या परवानगीने बोलता, असा जाब नॅशने त्याला विचारला. वेस्ली आणि श्रोत्यांतील एक वृद्धा यांनी दिलेल्या उत्तरांपुढे मात्र बाथच्या राजाला काढता पाय घ्यावा लागला.

जुगारबंदी आणि उतरती कळा

नृत्याच्या वर्गणीतून वादकांचे, मेणबत्त्यांचे आणि सभागृहाचे पैसे भागत. नॅशच्या हाती त्यातील काही येत नसे. त्याचे सारे वैभव जुगारावर उभे होते. त्यामुळे इंग्लंडच्या संसदेने १७३९ मध्ये फॅरो, बॅसेट, हॅझर्ड इत्यादी खेळांवर बंदी घातली तेव्हा आघात थेट त्याच्यावर झाला. जुगारचालकांनी नवनवे खेळ शोधून पळवाटा काढल्या. त्यांतील ‘ईओ’ या खेळात गोल फिरत्या चकतीला सम आणि विषम अशा खुणांच्या खाचा असत आणि चेंडू कोणत्या खाचेत पडतो यावर पैसा लावला जाई. काही खाचा चालकाच्या फायद्यासाठी राखून ठेवलेल्या असत. बाथ आणि टनब्रिज वेल्स येथील ईओच्या नफ्यात नॅशने गुप्तपणे वाटा ठरविला होता. १७४५ मध्ये या खेळावरही बंदी आली.

आपल्या भागीदारांनी ठरल्याप्रमाणे वाटा न देता आपल्याला फसविले, असा नॅशचा समज होता. त्याने न्यायालयात दावा लावला. हा त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठा अविचार ठरला. बेकायदा धंद्याचा वाटा न्यायालय मिळवून देणार नव्हते. पण पाहुण्यांच्या हिताचा रखवालदार म्हणून ज्याच्यावर साऱ्यांनी विश्वास ठेवला, तोच त्यांच्या हरण्यातून पैसे घेत होता, ही गोष्ट मात्र दाव्यामुळे जगजाहीर झाली. रुग्णालयासाठी जमविलेल्या पैशांविषयीही लोक शंका घेऊ लागले.

उत्पन्न आटल्यावर त्याने तपकिरीच्या सोन्याच्या डब्या, घड्याळे आणि दागिने एकेक करून विकले. यांतील कितीतरी डब्या राजपुत्रांनी व सरदारांनी भेट दिलेल्या होत्या. मोठे घर सोडून तो सॉ क्लोज भागातील लहान घरात राहू लागला. तेथे ज्युलियाना पॉपजॉय या त्याच्या जुन्या सखीने त्याची शुश्रूषा केली. नॅशच्या मृत्यूनंतर तिने अनेक वर्षे एका पोकळ झाडात राहून काढली, अशी कथा तिच्या मृत्यूच्या वेळी, १७७७ मध्ये, प्रसिद्ध झाली होती. नॅश सभागृहात जात राहिला, पण जुने किस्से पुन्हापुन्हा सांगणारा हा तिरसट म्हातारा तरुणांना नकोसा झाला होता. १७६० मध्ये नगरसभेने त्याला दरमहा १० गिनी मंजूर केल्या. त्याच्या हयातीत गाव तटाबाहेर पसरून मधाच्या रंगाच्या दगडाचे सुंदर शहर बनले होते, आणि त्या शहराच्या घरमालकांच्या मिळकतीशी तुलना करता ही रक्कम अगदीच किरकोळ होती.

मृत्यूनंतर

फेब्रुवारी १७६१ मध्ये (काही ग्रंथांत १७६२) तो मरण पावला. जिवंतपणी हात आखडता घेणाऱ्या नगरसभेने अंत्ययात्रेसाठी ५० गिनी दिल्या. रस्ते आणि घरांची छपरे माणसांनी भरून गेली होती. ॲबीत त्याचे दफन झाले. त्याचे स्मारक तेथे १७९० मध्ये बसविण्यात आले. पंप रूममध्ये त्याचा पूर्णाकृती पुतळा आहे. न्यूटन आणि पोप यांच्या अर्धपुतळ्यांमध्ये नॅशची पूर्णाकृती प्रतिमा लावल्याने शहाणपण व विनोदबुद्धीपेक्षा मूर्खपणा मोठा दिसतो, असा टोमणा मारणारी एक चतुष्पदी त्या काळी गाजली होती.

आयरिश लेखक ऑलिव्हर गोल्डस्मिथ याने १७६२ मध्ये नॅशचे चरित्र प्रसिद्ध केले. नॅशविषयीच्या बहुतेक कथांचा उगम याच पुस्तकात आहे. राजा किंवा सेनापती नसलेल्या एका सामान्य माणसाचे आयुष्य, त्याच्या दोषांसह, सहानुभूतीने सांगणारे म्हणून इंग्रजी चरित्रवाङ्मयात त्याला स्थान आहे.

नॅशची घडी त्याच्यामागेही टिकली. १७७१ मध्ये धाकट्या जॉन वुडने बांधलेली नवी सभागृहे उघडली. त्यावेळी समारंभाधिकारी वेड याने केलेल्या नियमांतही नृत्य चालू असले तरी ते अकराला थांबविण्याचे कलम होते. १८०१ ते १८०६ या काळात बाथमध्ये राहिलेल्या जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थेंगर ॲबी’ या कादंबरीतील नायक-नायिकेची ओळख समारंभाधिकारीच करून देतो. तोपर्यंत बाथची वस्ती तीस हजारांवर गेली होती. नॅशच्या वेळचे हॅरिसनचे सभागृह १८२० मध्ये आगीत जळाले. १७७१ चे सभागृह १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात उद्‌ध्वस्त झाले व पुनर्बांधणीनंतर १९६३ मध्ये पुन्हा खुले करण्यात आले. १९८७ मध्ये युनेस्कोने बाथ शहराचा समावेश जागतिक वारसास्थळांच्या यादीत केला.